ओपन सोर्स प्रकल्पाच्या कम्युनिटीत शिरायचं कसं?

शून्यापासून (धागाकर्ता)

पायथन चांगलं येतं, सी जेमतेम, गिट (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) रोजच्या वापरात आहे. एखाद्या ओपन सोर्स प्रकल्पात काम करायचं आहे. एक-दोन पॅच (कोडमधले छोटे बदल) टाकून मोकळं व्हायचं नाही. तिथल्या लोकांशी ओळख व्हावी, त्यांनी विश्वासाने काम सोपवावं आणि काही वर्षं तिथे टिकून राहता यावं, असा विचार आहे. सुरुवातीलाच अडतंय ते असं:

प्रकल्प निवडताना नेमकं बघायचं काय? गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरचे स्टार मोजून काही कळत नाही.

'गुड फर्स्ट इश्यू' (नवख्याला जमेल असं काम) लेबल लावलेले इश्यू (नोंदवलेल्या तक्रारी आणि कामं) उघडले की प्रत्येकाखाली पाच-सात जणांनी आधीच 'मला असाइन करा' लिहिलेलं असतं. मग नवख्याने हात घालायचा कुठे?

चॅनलवर 'मला हातभार लावायचाय, काम सांगा' असं लिहिणाऱ्यांना बहुतेक वेळा उत्तरच मिळत नाही. असं का?

पुल रिक्वेस्ट (आपला बदल सामील करून घ्यायची विनंती) पाठवली आणि महिनाभर कोणी फिरकलंच नाही तर काय करायचं?

इंग्रजी वाचता येतं, लिहिताना मात्र अडखळायला होतं. त्याने किती बिघडतं?

जाणकारांनी जरा सविस्तर लिहावं ही विनंती.

---

उंबरठा

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या प्रश्नांची उत्तरं त्यातूनच निघतात.

कुठल्याही प्रकल्पात कोड लिहिणारे पुष्कळ मिळतात, तो तपासायला वेळ असलेले मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारी माणसं) थोडे असतात. 'काम सांगा' या दोन शब्दांना नीट उत्तर द्यायचं तर मेंटेनरला आधी तुम्हाला काय येतं ते विचारावं लागतं, मग तुमच्या बेताचं काम शोधावं लागतं, ते समजावून सांगावं लागतं. त्यात सहज तासभर जातो आणि असं विचारणारे बहुतेक जण दुसऱ्या दिवशी परत येत नाहीत. त्यामुळे उत्तर न येण्यात आकस नसतो. तुम्ही त्यांचा वेळ मागण्याआधी थोडा वाचवून दाखवलात की तीच माणसं भरभरून बोलतात. उदाहरणार्थ असा निरोप:

'नमस्कार. इश्यू ४१२ बघतोय. आवृत्ती ३.२ आणि मेन ब्रँच, दोन्हीकडे तसंच घडतं. इनपुट फाइल रिकामी असेल तर पार्सर यादीतला पहिला घटक मागतो आणि तिथेच कोसळतो. अशा वेळी रिकामी यादी परत करावी की स्पष्ट एरर द्यावी? ठरलं की टेस्टसकट पॅच पाठवतो.'

याला एका ओळीत उत्तर देता येतं, म्हणून ते मिळतं. शिवाय वाचणाऱ्याला लगेच कळतं की या माणसाने कोड उघडून बघितला आहे.

आता निवड. जे सॉफ्टवेअर तुम्ही स्वतः वापरता तिथेच जा. वापरणाऱ्याला चुका दिसतात, आणि केलेली दुरुस्ती खरंच उपयोगाची आहे का हेही त्यालाच कळतं. अशा दहा-बारा प्रकल्पांची यादी करा आणि प्रत्येकाच्या शेवटच्या वीसेक बंद झालेल्या पुल रिक्वेस्ट उघडा. बाहेरच्या माणसांच्या किती होत्या? गिटहबवर नावाशेजारी 'मेंबर', 'कॉन्ट्रिब्युटर' असे शिक्के दिसतात, त्यावरून ओळखता येतं. पहिलं उत्तर किती दिवसांत आलं? नाकारली तर कारण दिलं का? उत्तराची भाषा कशी आहे? चार-पाच नकार वाचले की तिथल्या वातावरणाचा जेवढा अंदाज येतो तेवढा कोड ऑफ कंडक्ट (वागणुकीचे नियम) वाचूनही येत नाही. मग गिट शॉर्टलॉग गेल्या एका वर्षापुरता चालवून बघा, कोणाच्या नावावर किती कमिट (गिटमध्ये नोंदवलेले बदल) आहेत ते दिसेल. सगळे कमिट एकाच्याच नावावर असतील तर तो माणूस थकला की प्रकल्प थांबणार. नवख्याला पाच ते पंधरा सक्रिय माणसांचा मध्यम प्रकल्प सर्वांत बरा, असं माझं ठाम मत आहे. अवाढव्य प्रकल्पात तुमची पुल रिक्वेस्ट शेकडोंच्या गर्दीत जाते आणि अगदी छोट्यात रिव्ह्यू करायला कोणी नसतं.

त्यानंतर निर्णय कुठे होतात ते शोधा. यात फार लोक फसतात. गिटहबवर दिसणारा लिनक्स कर्नल (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) ही नुसती प्रत आहे, तिथे टाकलेली पुल रिक्वेस्ट कोणी घेत नाही. पॅच मेलिंग लिस्टवरच पाठवावे लागतात. लिबरऑफिसचा कोड गेरिटवर तपासला जातो आणि बग बगझिलात नोंदवले जातात. जीनोम आणि केडीई या लिनक्सवरच्या डेस्कटॉपचे स्वतःचे गिटलॅब सर्व्हर आहेत. डेबियन या लिनक्स वितरणात बग ईमेलने नोंदवतात, त्यासाठी 'रिपोर्टबग' नावाचं साधन आहे. अपाचे फाउंडेशनच्या प्रकल्पांत तर जे मेलिंग लिस्टवर झालं नाही ते झालंच नाही, असाच दंडक आहे. चॅटवर ठरलेली गोष्टही लिस्टवर आणून मांडावी लागते. हे सगळं कॉन्ट्रिब्युटिंग फाइलमध्ये लिहिलेलं असतं. ती फाइल पूर्ण वाचा, लायसन्सही वाचा.

कोणाशी काही बोलण्याआधी सोर्सवरून बिल्ड करा (मूळ कोडपासून प्रोग्राम तयार करा) आणि सगळ्या टेस्ट चालवा. इथे नेहमी अडतं ते असं: सबमोड्यूल (आत जोडलेले दुसरे प्रकल्प) उतरवलेले नसतात, म्हणून क्लोन करताना (आपल्या मशीनवर प्रत घेताना) रिकर्सिव्हचा पर्याय द्यावा लागतो. डेप्थ १ देऊन अर्धवट क्लोन केलं तर टॅग (आवृत्त्यांच्या खुणा) येत नाहीत आणि टॅगवरून आवृत्ती काढणारी बिल्ड स्क्रिप्ट बंद पडते. कंपायलर किंवा पायथनची आवृत्ती जुळत नाही. या वेळी प्रकल्पाच्या सीआय (बदल आला की आपोआप बिल्ड आणि टेस्ट चालवणारी यंत्रणा) फाइलमध्ये कुठली आवृत्ती लिहिली आहे ते बघून तीच घ्या. सूचना जुन्या होतात, पण सीआय रोज चालतं, त्यामुळे खरी कृती तिथेच सापडते. आणि काहीही न बदलता मेन ब्रँचवर (प्रकल्पाच्या मुख्य कोडवर) कुठल्या टेस्ट नापास होतात याची नोंद ठेवा, नाहीतर नंतर दुसऱ्याची चूक आपली समजून दिवस जातो.

बिल्ड करताना सूचनांमध्ये जिथे अडलात ती ओळ दुरुस्त करणं, हे पहिलं योगदान म्हणून उत्तम. जुन्या माणसांनी नव्या मशीनवर शून्यापासून बिल्ड करून वर्षं लोटलेली असतात. ती चूक फक्त नव्या माणसालाच दिसते.

'गुड फर्स्ट इश्यू'बद्दल: बऱ्याच प्रकल्पांत असाइन करण्याची पद्धतच नसते, जो आधी चांगला पॅच देईल त्याचा घेतला जातो. जिथे पद्धत आहे तिथे आधीचा माणूस दोन-तीन आठवडे गप्प असेल तर 'यावर काम चालू आहे का? नसेल तर मी घेतो' असं विचारून दोन-चार दिवस थांबा आणि सुरू करा. पण त्या लेबलमागे धावण्यापेक्षा लेबल नसलेली कामं शोधा. टेस्ट चालवताना पडद्यावर येणाऱ्या डेप्रिकेशनच्या ('ही सोय पुढे काढणार' अशा) सूचना नीट वाचा, त्यांतली प्रत्येक सूचना एक स्वतंत्र छोटं काम असते. वापरणाऱ्याला काहीच न सांगणारा एरर मेसेज, टेस्टच नसलेलं फंक्शन, चालत नसलेलं डॉक्युमेंटेशनमधलं उदाहरण, या कामांना स्पर्धा नाही.

---

तारयंत्र

चॅट आणि ईमेलच्या रीतींबद्दल लिहितो. चांगली माणसंही इथेच पहिला ठसा बिघडवून बसतात.

आयआरसी या जुन्या चॅट पद्धतीवर असलेले बरेच प्रकल्प मे २०२१ मध्ये फ्रीनोड हे नेटवर्क सोडून लिबेरा चॅटवर गेले. जुन्या पानांवर अजून फ्रीनोडचाच पत्ता सापडतो, तिकडे जाऊन वाट बघत बसू नका. लिबेराला टीएलएसने (सुरक्षित जोडणीने) जोडायचं तर पोर्ट ६६९७. आधी निकसर्व्ह या तिथल्या नोंदणी सेवेकडे नाव नोंदवा, कारण काही चॅनलवर नोंद नसलेल्यांना बोलता येत नाही. तुम्ही लिहिताय आणि कुणालाच दिसत नाही, असा प्रकार त्यातून होतो.

'एक प्रश्न विचारू का?' असं विचारू नका, थेट प्रश्न टाका आणि थांबा. उत्तर देणारा जगाच्या दुसऱ्या टोकाला झोपलेला असू शकतो. आयआरसीवर तुम्ही बाहेर पडलात की मागचं काही दिसत नाही. वीस मिनिटांत निघून गेलात तर तासाभराने आलेलं उत्तर वाया जातं. लॅपटॉप सतत चालू ठेवणं शक्य नसेल तर मॅट्रिक्स किंवा झुलिप वापरणारे प्रकल्प सोयीचे पडतात, तिथे इतिहास राहतो. पाच ओळींपेक्षा मोठा लॉग चॅनलमध्ये ओतू नका, पेस्ट करायच्या साइटवर टाकून दुवा द्या. मजकुराचा स्क्रीनशॉट तर नकोच, त्यातला एरर कॉपी करून शोधता येत नाही. बैठकीची वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) लिहा. आणि मेंटेनरला खासगीत मेसेज करू नका. उघड्यावर विचारलेल्या प्रश्नाला दुसरा कोणीही उत्तर देऊ शकतो, आणि पुढच्या माणसाला ते शोधून सापडतं.

ईमेल साध्या मजकुराचा हवा. कर्नलच्या लिस्ट एचटीएमएल मेल स्वीकारतच नाहीत, तो परत येतो किंवा गायब होतो. उत्तर देताना समोरच्याचं हवं तेवढंच वाक्य ठेवून त्याच्याखाली आपलं लिहायचं, बाकीचं कापायचं. 'सगळ्यांना उत्तर' हेच बटण दाबायचं, नाहीतर लिस्टवरची चर्चा दोघांतच अडकते.

कर्नलचा पॅच पाठवायचा तर क्रम असा. 'चेकपॅच' ही स्क्रिप्ट चालवून तक्रारी मिटवा. 'गेट मेंटेनर' ही स्क्रिप्ट कोणाला आणि कुठल्या लिस्टला पाठवायचं ते सांगते. पाठवायला गिट सेंड-ईमेल वापरा. नेहमीच्या मेल प्रोग्राममध्ये पॅच चिकटवला की टॅबच्या जागी स्पेस येतात, लांब ओळी तुटतात आणि पॅच लागतच नाही. म्हणून पहिल्यांदा स्वतःलाच पाठवा, आलेला मेल सेव्ह करून गिट एएमने लावून बघा. लागला तरच लिस्टवर धाडा. खाली 'साइन्ड-ऑफ-बाय' ओळ हवी. ती शोभेची नाही, हा कोड देण्याचा मला हक्क आहे असं त्यातून तुम्ही लिहून देता.

दुरुस्त आवृत्तीच्या विषयात 'व्ही २' लिहा आणि काय बदललं ते तीन डॅशच्या ओळीखाली टाका. तिथला मजकूर तपासणाऱ्याला दिसतो, पण कमिटमध्ये जात नाही. वेळही बघा. नवी आवृत्ती आली की दोन आठवडे मर्ज विंडो (पुढच्या आवृत्तीसाठी बदल सामील करायचा काळ) असते, त्या काळात मेंटेनर आधी जमलेलं काम वर पाठवण्यात गुंतलेले असतात. नेटवर्किंगचे पुढच्या आवृत्तीचे बदल घेणारा 'नेट-नेक्स्ट' तर तेव्हा बंदच ठेवतात.

इंग्रजीचं म्हणाल तर काळजी सोडा. या प्रकल्पांतल्या कितीतरी जणांची ती मातृभाषा नाही. लहान वाक्यं लिहा: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. अलंकारिक माफीनामे लिहू नका. एक महत्त्वाचं: सिस्टिम दुसऱ्या भाषेत असेल तर कमांडआधी 'एलसी ऑल' या व्हेरिएबलची किंमत 'सी' देऊन ती चालवा, म्हणजे एरर इंग्रजीत येतो. एररचं आपण केलेलं भाषांतर पाठवलं तर समोरच्याला तो मजकूर कोडमध्ये शोधता येत नाही.

---

पॅचवाला

पुल रिक्वेस्टबद्दल थोडक्यात.

एका रिक्वेस्टमध्ये एकच गोष्ट. बग दुरुस्त करता करता शेजारच्या फाइलमधली मोकळी जागा नीट केली, एक व्हेरिएबलचं नाव बदललं, असं केलंत की बारा ओळींचा बदल तीनशे ओळींचा दिसतो आणि तपासणारा 'नंतर बघू' म्हणून पुढे जातो. एडिटरची 'सेव्ह करताना फॉरमॅट करा' ही सोय त्या प्रकल्पापुरती बंद ठेवा, हा घोळ बहुतेक वेळा तीच करते.

टेस्ट अशी लिहा की जुन्या कोडवर नापास होईल आणि तुमच्या बदलानंतर पास होईल. दोन्ही खरंच चालवून बघा. जुन्या कोडवरही पास होणारी टेस्ट काहीच सिद्ध करत नाही.

कमिट मेसेजची पहिली ओळ पन्नासेक अक्षरांत, मग एक ओळ मोकळी, मग बाहत्तर अक्षरांच्या ओळींत कारण. काय बदललं ते डिफमध्ये (जुन्या-नव्या कोडच्या फरकात) दिसतंच, का बदललं ते लिहा. पहिल्या ओळीची ढब त्या प्रकल्पाच्या गिट लॉगमधून उचला.

प्रत्येक प्रकल्पाची एखादी खास अट असते. सीपायथन या पायथनच्या मूळ प्रकल्पात सीएलएवर (कोड देण्याबद्दलच्या करारावर) सही केल्याशिवाय काही घेत नाहीत, आणि वापरणाऱ्याला जाणवणाऱ्या बदलासाठी 'न्यूज'ची नोंद लागते, ती नसेल तर बॉट अडवतो. लिबरऑफिस लायसन्सबद्दलचं निवेदन एकदा लिस्टवर पाठवायला सांगतं. गिटहबवर तुमची त्या प्रकल्पातली पहिलीच रिक्वेस्ट असेल तर मेंटेनरने परवानगी देईपर्यंत सीआय चालू न होणं हे नेहमीचंच आहे. ते तुमच्या चुकीमुळे नाही, उगाच पुन्हा पुन्हा पुश करू नका.

मेन ब्रँच पुढे गेली तर आधी गिट फेच अपस्ट्रीम (मूळ प्रकल्पातले नवे बदल आणायला), मग गिट रीबेस (आपले कमिट त्यांच्यावर नव्याने बसवायला), मग पुश करताना साधा फोर्स न देता 'फोर्स-विथ-लीज' द्या. मधल्या वेळेत मेंटेनरने तुमच्या ब्रँचवर काही टाकलं असेल तर ते पुसलं जात नाही. पण रिव्ह्यू चालू असताना इतिहास बदलू नका असं काही प्रकल्प सांगतात, कारण तपासणाऱ्याला आधी वाचलेलं पुन्हा वाचावं लागतं. तिथे नवे कमिट जोडत जा, मर्ज करताना ते एकत्र करतात.

रिव्ह्यूमधल्या प्रत्येक शेऱ्याला उत्तर द्या, 'केलं' एवढं लिहिलं तरी चालतं. शेरा पटला नाही तर कारण सांगा, गप्प राहून तसंच ठेवू नका. आणि त्यांचा शेरा तुम्ही 'रिझॉल्व्ह' करू नका, ज्याने लिहिला त्यालाच बंद करू द्या.

कोणी फिरकलं नाही तर? सीआय हिरवं आहे ना, कॉन्फ्लिक्ट (दुसऱ्याच्या बदलाशी टक्कर) नाही ना, रिलीज तोंडावर म्हणून फ्रीझ (नवे बदल घेणं बंद) तर नाही ना, हे आधी बघा. मग दोन आठवड्यांनी एक ओळ: 'मेन ब्रँचवर रीबेस केलं आहे, टेस्ट पास आहेत, आणखी काही हवं आहे का?' कर्नलच्या सूचनांत निदान एक आठवडा थांबा असं लिहिलं आहे. आणखी दोन आठवड्यांनी चॅनलवर किंवा त्यांच्या साप्ताहिक बैठकीत विषय काढा. दरम्यान इतरांच्या रिक्वेस्ट उतरवून चालवा आणि काय दिसलं ते लिहा. मर्ज करण्याचा हक्क नसला तरी रिव्ह्यू कोणीही करू शकतो. 'तीन वेगवेगळ्या इनपुटवर चालवलं, दुसऱ्यावर असं फुटतं' एवढ्या एका शेऱ्याने मेंटेनरचा अर्धा तास वाचतो. नाव लक्षात राहण्याचा याहून जवळचा रस्ता मला माहीत नाही.

---

मोकळी_ओळ

वर सगळं कोडबद्दल झालं. कोडशिवायच्या कामांतून माणसं जास्त लवकर आत येतात, आणि हे मी मनापासून सांगते आहे.

बग ट्रायाज घ्या. जुने, कोणी न बघितलेले बग उघडायचे, ताज्या आवृत्तीवर तसंच घडतं का ते बघायचं, पायऱ्या अपुऱ्या असतील तर विचारायच्या, दोन सारखे असतील तर जोडायचे. चांगल्या नोंदीत आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम, पायऱ्या, अपेक्षा, प्रत्यक्षात घडलेलं आणि शक्य तेवढी लहान नमुना फाइल असते. चाळीस पानी दस्तऐवज जोडलेला असेल तर अर्धा भाग काढून बघा, पुन्हा अर्धा काढा. एका परिच्छेदावर आणलात की प्रोग्रामर लगेच हात घालतो.

'आधी चालायचं, आता चालत नाही' अशा बगसाठी गिट बायसेक्ट शिका. चांगला आणि वाईट कमिट सांगितला की ते दर वेळी मधला काढून देतं. हजार कमिटमधला दोषी साधारण दहा फेऱ्यांत सापडतो. लिबरऑफिसमध्ये तर तयार बिल्डचं भांडार ठेवलेलं आहे, त्याला 'बिबिसेक्ट' म्हणतात. दर फेरीला कंपाइल करावं लागत नाही, सी++ न येणाऱ्यालाही हे जमतं. 'या कमिटने मोडलं' असं लिहून ते ज्याने लिहिलं त्याला कळवलं की अनेकदा बग लगेच मार्गी लागतो. बायसेक्ट करताना मधला एखादा कमिट बिल्डच होत नसेल तर त्याला 'बॅड' म्हणू नका, 'स्किप' म्हणा. चुकीचा शिक्का मारला की शेवटी भलताच कमिट दोषी ठरतो.

आपल्या भाषेत भाषांतर करायचं असेल तर लिबरऑफिसचं वेबलेटवर चालतं, मोझिलाचं पाँटूनवर, मीडियाविकीचं ट्रान्सलेटविकीवर. आधी त्या भाषेच्या गटाला निरोप टाका आणि त्यांची शब्दसूची मागा. 'फाइल'ला एका मेनूत धारिका आणि दुसऱ्यात फाइल झालं तर वापरणारा गोंधळतो. ठरलेले शब्द एकट्याने बदलू नका. टक्का आणि एस (%s) अशी जागाधारक चिन्हं, जिथे नंतर नाव भरलं जातं, जशीच्या तशी ठेवा. वाक्यात दोन चिन्हं असतील आणि आपल्याकडे क्रम उलटत असेल तर क्रमांकवाली रूपं वापरा, नाहीतर फाइलच्या जागी फोल्डरचं नाव येतं. शेकडो ओळी मशीनवर भाषांतरित करून ओतणाऱ्यांचं काम नंतर कोणाला तरी एकेक ओळ वाचून काढावं लागतं. रिलीजआधी स्ट्रिंग फ्रीझ जाहीर होतो, त्यानंतर मूळ मजकूर बदलत नाही. भाषांतराला तो काळ सर्वांत चांगला. आणि शेवटी सॉफ्टवेअर उघडून बघाच, बटणावर शब्द कापला जातोय का ते वेबलेटमध्ये दिसत नाही.

एक इशारा. सापडलेला बग सुरक्षेचा असेल, म्हणजे त्यातून कोणी पासवर्ड चोरू शकेल किंवा दुसऱ्याच्या मशीनवर कोड चालवू शकेल, तर तो उघड ट्रॅकरवर टाकू नका. सिक्युरिटी फाइलमध्ये दिलेल्या खासगी पत्त्यावर कळवा.

---

शून्यापासून

अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त मिळालं. आणखी तीन शंका. एआयकडून लिहून घेतलेला कोड पाठवला तर चालतो का? गुगल समर ऑफ कोडसारख्या उपक्रमांतून शिरणं सोपं पडतं का? आणि नोकरी करताना हे काम केलं तर कंपनीची काही आडकाठी येऊ शकते का?

---

उंबरठा

एआय: प्रकल्पागणिक नियम वेगळा आहे, त्यामुळे आधी धोरण वाचा. जेंटू या लिनक्स वितरणाने एप्रिल २०२४ मध्ये आणि नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमने मे २०२४ मध्ये असा कोड घेणार नाही असं ठरवलं. कारणं मुख्यतः दोन: त्या कोडचा कॉपीराइट कोणाचा हे स्पष्ट नाही, आणि वरवर नीट दिसणारा पण चुकीचा कोड तपासायला हाताने लिहिलेल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. कर्ल या नेटवरून फाइल आणण्या-पाठवण्याच्या साधनाच्या विकासकांनी एआयने रचलेल्या खोट्या सुरक्षा-अहवालांमुळे वेळ कसा जातो हे जाहीरपणे मांडलं आहे. जिथे परवानगी आहे तिथेही वापर केल्याचं सांगा, आणि 'ही ओळ इथे का?' या प्रश्नाला उत्तर देता येत नसेल तर ती ओळ पाठवू नका. रिव्ह्यूतले प्रश्न तसेच एआयला देऊन त्याचं उत्तर चिकटवणं तर सरळ ओळखू येतं, आणि मग तो माणूस पुढच्या वेळी वाचलाच जात नाही.

विश्वास लवकर मिळत नाही, याला ठोस कारण आहे. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड युटिल्स या फाइली आवळणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मागचा दरवाजा (मशीनमध्ये गुपचूप शिरायची लपवलेली वाट) सापडला. तो घालणारी 'जिया टॅन' नावाची व्यक्ती दोनेक वर्षं नियमित, उपयोगी पॅच देत सहमेंटेनर झाली होती, आणि त्याआधी अनोळखी खात्यांनी मूळ मेंटेनरवर 'दुसरा माणूस घ्या' असा दबाव आणला होता. त्यामुळे 'मला कमिटचा हक्क कधी मिळेल?' हा प्रश्न आता अधिकच खटकतो. तो विचारूच नका. तुमचे रिव्ह्यू बरोबर ठरत गेले की तुमचं नाव दुसरंच कोणी सुचवतं. अपाचेमध्ये कमिटर (थेट कोड टाकायचा हक्क असलेला) करताना तर आधी आतल्या आत मतदान होतं, मग तुम्हाला विचारतात.

उपक्रम: गुगल समर ऑफ कोड, म्हणजे मेंटरच्या हाताखाली ओपन सोर्सचं काम करायचा उपक्रम, २००५ पासून चालू आहे. आधी फक्त विद्यार्थ्यांसाठी होता, २०२२ पासून ओपन सोर्समध्ये नव्या असलेल्या १८ वर्षांवरील इतरांनाही खुला झाला. आउटरीची या अशाच दुसऱ्या उपक्रमात अर्जाच्या काळातच प्रत्यक्ष योगदान द्यावं लागतं. दोन्हीकडे सगळ्यांत मोठी चूक म्हणजे प्रकल्पांची यादी जाहीर झाल्यावर धावत येणं. तेव्हा चॅनलवर झुंबड उडते आणि मेंटरला चार महिने आधीपासून बग सोडवणारी माणसं आठवतात. प्रस्तावात आठवडानिहाय कामं लिहा आणि टेस्ट व डॉक्युमेंटेशनसाठी वेगळा वेळ ठेवा, तो नसलेला प्रस्ताव अनुभवी मेंटर लगेच ओळखतात. हॅक्टोबरफेस्टमध्ये (दर ऑक्टोबरात पुल रिक्वेस्ट पाठवायचा उपक्रम) २०२० साली टी-शर्टसाठी निरर्थक पुल रिक्वेस्टचा एवढा पूर आला की मधेच नियम बदलून, जे प्रकल्प स्वतःहून सामील होतील तेवढेच धरायचे असं ठरवावं लागलं. त्या महिन्यात मेंटेनर जरा सावध असतात, तुमचं पहिलं काम शक्यतो दुसऱ्या महिन्यात पाठवा.

---

तारयंत्र

नोकरीबद्दल. नेमणुकीच्या करारात 'बौद्धिक संपदा' किंवा 'निर्मितीचा हक्क' अशा नावाचं कलम शोधा. काही करारांत कामाच्या वेळेबाहेर, स्वतःच्या मशीनवर लिहिलेला कोडही कंपनीचा धरलेला असतो. तसं असेल तर प्रकल्पाचं नाव आणि लायसन्स लिहून ईमेलवर परवानगी घ्या. तोंडी 'चालेल' पुरत नाही, कारण साइन्ड-ऑफ-बाय लिहिताना किंवा सीएलएवर सही करताना हक्क असल्याचं तुम्ही कबूल करता. सीएलए वैयक्तिक आणि कंपनीचा असे दोन प्रकारचे असतात, कोड कंपनीच्या मालकीचा ठरत असेल तर वैयक्तिक सही पुरेशी होत नाही. कंपनीच्या कोडमधलं फंक्शन 'छोटंसंच आहे' म्हणून उचलू नका.

कंपनीचा लॅपटॉप टाळा. तो टाळता येत नसेल तर निदान त्या रिपॉझिटरीपुरता गिट कॉन्फिगमधला ईमेल बदला, ग्लोबल पर्याय न देता. पहिला कमिट करण्याआधी गिट लॉगमध्ये नाव आणि पत्ता तपासा. मर्ज झालेल्या कमिटमधला पत्ता सगळ्यांना दिसतो आणि नंतर बदलता येत नाही म्हटलं तरी चालेल. तो बदलला तर त्या कमिटचा हॅश (ओळख पटवणारा आकडा) बदलतो, त्यापुढच्या प्रत्येक कमिटचाही बदलतो, आणि एका पत्त्यासाठी कुठलाही प्रकल्प सगळ्यांच्या प्रती मोडायला तयार होत नाही. पत्ता लपवायचा असेल तर गिटहबचा 'नोरिप्लाय' पत्ता वापरता येतो, पण साइन्ड-ऑफ-बाय मागणाऱ्या काही प्रकल्पांना तो चालत नाही. त्यासाठी वेगळा, कायम टिकणारा वैयक्तिक पत्ता आधीच काढून ठेवा.